हुकमाचं बिऱ्हाड

बहारीनच्या मीना सलमान बंदरात कुठल्या देशाची किती जहाजं लागली आहेत, यावरून आखाताचा रागरंग ओळखणारे बरेच जाणकार आहेत. उपग्रहाची छायाचित्रं समोर ठेवून ते तासन्‌तास बोलतात. माझा भरवसा दुसऱ्याच गोष्टीवर आहे. बंदराला खेटून असलेल्या जुफैर भागात अमेरिकन नौसैनिकांची बायकामुलं राहताहेत का, सकाळी मुलं दप्तरं घेऊन निघताहेत का, एवढं पाहावं. विमानवाहू नौका धाक दाखवायला पाठवता येते, नुसती मिरवायलाही पाठवता येते. बायकामुलांचं तसं नाही. ती तिथे नांदताहेत तोवर वॉशिंग्टनला निभावेल असं वाटतंय. ती माघारी निघाली की समजावं, काहीतरी शिजतंय.

गेल्या दोन दशकांत हे अनेकदा दिसलं. २००४ च्या जुलैत दहशतवादी हल्ल्याच्या भीतीने पेंटॅगॉनने बहारीनमधली लष्करी कुटुंबं परत नेली. पुढची काही वर्षं बहारीन ही एकट्याने करायची नोकरी होती. २००९ मध्ये कुटुंबांना पुन्हा परवानगी मिळाली. ती जेमतेम स्थिरावताहेत तोच २०११ च्या फेब्रुवारीत मनामातल्या पर्ल चौकात आंदोलन पेटलं, मार्चमध्ये आखाती देशांचं सैन्य सौदीहून पुलावरून आत आलं, आणि ज्या कुटुंबांना जायचं असेल त्यांनी सरकारी खर्चाने जावं अशी मुभा निघाली. ११ जून २०२५ ला तीच मुभा पुन्हा. दोनच दिवसांनी इस्रायलने इराणवर हल्ला चढवला आणि २३ जूनच्या रात्री इराणची क्षेपणास्त्रं शेजारच्या कतारमधल्या अल उदैद तळावर पडली. त्या रात्री बहारीननेही आपलं आकाश काही काळ बंद ठेवलं होतं.

तरीही कुटुंबं इथे येत राहिली. ती येताना काय तयारी करतात, हा या लेखाचा विषय. ही तयारी जवळून पाहायला मिळाली ती घरातल्या एका मुलीमुळे, तिच्याकडे पुढे येतेच. एक मात्र आधीच सांगून ठेवते: इथे बिऱ्हाड मांडायची तयारी आणि मोडायची तयारी एकाच फायलीत ठेवावी लागते.

मीना सलमान मनामा शहराच्या आग्नेय टोकाला आहे. देशाचा व्यापारी माल २००९ पर्यंत याच धक्क्यांवर उतरत होता. त्या वर्षी हिद्दला खलिफा बिन सलमान बंदर सुरू झालं, कंटेनर तिकडे गेले, आणि इथे मुख्यतः लढाऊ जहाजांचा वावर उरला. जुफैरला ब्रिटिशांनी १९३५ मध्ये नाविक ठाणं उभारलं होतं. १९७१ मध्ये त्यांनी आखातातून पाय काढला आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात ठाण्याचा काही भाग अमेरिकेने कराराने घेतला. १ जुलै १९९५ ला अमेरिकेचं पाचवं आरमार नव्याने उभं राहिलं, त्याचं मुख्यालय इथेच. ब्रिटिशांनाही फार काळ करमलं नाही. एप्रिल २०१८ मध्ये त्यांनी मीना सलमानच्या आवारात नवा तळ उघडला. इथूनच चालणाऱ्या बहुराष्ट्रीय सागरी दलाचं सदस्यत्व २०२३ मध्ये भारतानेही घेतलं. आता तिरंगा लावलेली जहाजंही इथल्या धक्क्यावर नवलाईची राहिलेली नाहीत.

मराठी माणसाचा या पाण्याशी संबंध मात्र या सगळ्यांहून जुना आहे, आणि तोही लष्करीच. १६ ऑक्टोबर १९१४ ला सहाव्या पूना डिव्हिजनची सोळावी ब्रिगेड मुंबईहून बोटींतून निघाली. ब्रिगेडियर जनरल डेलामेन तिचा सेनापती, आणि तिच्या चार पलटणींतली एक ११७ वी मराठा. २३ तारखेला बोटी बहारीनसमोर नांगरल्या. तुर्कस्तान युद्धात उतरतो की नाही ते ठरायचं होतं, तोवर तिथेच थांबायचं. त्या वर्षीची आश्विन अमावास्या १९ ऑक्टोबरच्या सुमारास येते, म्हणजे पोरांची दिवाळी भर समुद्रात गेली. मग सुमारे दहा दिवस समोर बहारीनचा सपाट किनारा आणि पायाखाली बोटीचा तापलेला पत्रा. ६ नोव्हेंबरला ब्रिगेड शत्त-अल-अरबच्या मुखाशी फाव इथे उतरली. पुढे कूत-अल-अमाराचा १४७ दिवसांचा वेढा आणि २९ एप्रिल १९१६ ची शरणागती, यांतही ११७ वी मराठा होती.

या सैनिकांची कुटुंबं कुठे होती? सातारा, रत्नागिरी, कोल्हापूरच्या खेड्यांत. त्यांना बरोबर नेण्याचा विचार कुणाच्या स्वप्नातही नव्हता. सातारा जिल्ह्यातलं अपशिंगे, ज्याला सगळे ‘अपशिंगे मिलिटरी’ म्हणतात, तिथे पहिल्या महायुद्धात पडलेल्या गावच्या ४६ जणांचा स्मृतिफलक आहे. शिपायाच्या बायकोचा त्या मोहिमेशी संबंध म्हणजे मनीऑर्डर आणि तार. तार आली की घरात शिरण्याआधीच रडारड सुरू व्हायची, असं आमच्याकडच्या म्हाताऱ्या सांगत.

बिऱ्हाड नेण्याची मुभा ही नंतरची सोय. आपल्याकडच्या सैन्यात आजही ती जागेनुसार ठरते. पीस स्टेशन असेल तर क्वार्टर मिळेल तेव्हा कुटुंब न्यायचं. फील्डला पोस्टिंग असेल तर बायकोमुलं गावी किंवा फौजेने वेगळ्या राखून ठेवलेल्या कुटुंबांच्या क्वार्टर्समध्ये. माझे एक काका मराठा लाइट इन्फन्ट्रीत होते. बेळगाव, जामनगर, फिरोजपूर असं काकूचं बिऱ्हाड फिरलं. लोखंडी काळ्या ट्रंका, त्यांवर पांढऱ्या रंगात नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण. कुठल्या ट्रंकेत काय याची यादी काकू झाकणाच्या आतल्या बाजूला चिकटवायची. पातेली एकात एक, सर्वांत आतल्या पातेल्यात काचेच्या बरण्या, बरण्यांभोवती काकांची जुनी पॅण्ट. शाळेचा दाखला, रेल्वेचं वॉरंट आणि कँटीनचं कार्ड या तीन गोष्टी मात्र ट्रंकेत जायच्या नाहीत, त्या काकूच्या पर्समध्ये. केंद्रीय विद्यालय असलं की पोरांचं वर्ष बुडत नसे, ही सगळ्यांत मोठी सोय. नवीन गावात पोचल्यावर काकू पहिली चौकशी गॅसची करायची, दुसरी दुधाची आणि तिसरी शेजारणीच्या नवऱ्याच्या हुद्द्याची.

तिने हे सगळं कधी ‘तयारी’ म्हणून सांगितलं नाही. अमेरिकन नौदलात मात्र तयारी हे एक खातंच आहे. त्याला कचेऱ्या आहेत, तक्ते आहेत, मुदती आहेत आणि नव्या कुटुंबाला माहिती द्यायला एक जुनं कुटुंब नेमून दिलेलं असतं.

माझी मावसबहीण, आमची ताई, कोथरूडला राहते. तिची मुलगी, म्हणजे माझी भाची, व्हर्जिनिया राज्यातल्या नॉरफोकला होती. जावई न्यू जर्सीत जन्मलेला, मराठी आईबापांचा, अमेरिकन नौदलात. कोविडची धामधूम ओसरल्यावर त्याची बहारीनला बदली निघाली. ऑर्डर हातात पडल्या त्या दिवशी भाचीने आईला फोन केला.

‘आई, आम्ही तुझ्या जवळ येतोय.’

‘पुण्याला?’

‘नाही गं, बहारीनला. मुंबईहून चार तास.’

‘अगं, मग दुबईला जावयाला काही नाही का मिळालं?’

ताईच्या लेखी आखात म्हणजे दुबई, आणि बाकी सगळी त्याची उपनगरं. बदली मागून मिळत नाही हे तिला सांगण्यात भाचीची संध्याकाळ गेली.

मग सुरू झाली कागदांची फेरी. अमेरिकन लष्करात बदली नौसैनिकाची होते, कुटुंबाची आपोआप होत नाही. कुटुंबासाठी ‘कमांड स्पॉन्सरशिप’ मिळवावी लागते. ती मिळाली तर शाळा, दवाखाना, घरभाडं, विमानप्रवास आणि संकटकाळी बाहेर काढणं या सगळ्यांत बायकामुलं धरली जातात. ती न घेता कुणी आपल्या हिकमतीवर बायकोला घेऊन गेला, तर ती तिथे केवळ पाहुणी. कुटुंबासह गेल्यास मुदत साधारण दोन वर्षांची, एकट्याची त्याहून कमी. म्हणजे बायकामुलं बरोबर हवी असतील तर स्वतः जास्त दिवस राहायचं, हा सौदा सगळ्यांना मुकाट मान्य असतो.

या सगळ्यात अवघड चाळणी आरोग्याची. ऑर्डर मिळाल्यावर साधारण महिन्याभरात नौसैनिकाबरोबर घरातल्या प्रत्येकाची तपासणी व्हावी लागते, दातांसकट. माझा आधी समज होता की ही आपल्याकडच्या विम्याच्या मेडिकलसारखी असेल, म्हणजे माणूस धडधाकट आहे ना एवढं बघायचं. इथे प्रश्न वेगळा विचारतात. मुलाला जे आहे, त्यावर त्या गावी इलाज आहे का? भाचीच्या धाकट्याला दम्याचा त्रास. पुण्यात असता तर डॉक्टरांनी इनहेलर देऊन खेळायला पाठवलं असतं. पण बहारीनला उन्हाळ्यात पारा चाळिशीपार, वर समुद्राची दमट हवा, मधूनच वायव्येकडून धुळीचं वादळ, आणि तळावरचा दवाखाना लहान. तातडी आली तर मुलाला कुठल्या इस्पितळात न्यायचं, लहान मुलांच्या छातीचा तज्ज्ञ मिळेल का, औषध तिथे मिळतं का, हे सगळं कागदावर यावं लागलं. नॉरफोकच्या डॉक्टरांनी लिहायचं, बहारीनच्या दवाखान्याने वाचायचं आणि ‘आम्ही सांभाळू’ किंवा ‘नको’ असं कळवायचं. नको म्हटलं तर जावई एकटा गेला असता किंवा त्याची ऑर्डर बदलली असती.

इथे एक नाजूक जागा आहे. पोस्टिंग हवंहवंसं असलं की आईबाप मुलाच्या आजाराचा उल्लेख हळू आवाजात करू लागतात. ‘गेल्या वर्षी काहीच झालं नाही’, ‘ते लहानपणी होतं’, अशी वाक्यं तोंडी येतात. भाचीनेही एक रात्र त्यावर घालवली. शेवटी तिने गेल्या हिवाळ्यातली इमर्जन्सी रूमची चिठ्ठीदेखील जोडली. बहारीनमध्ये शहरातली खासगी इस्पितळं चांगली आहेत. मनामातलं अमेरिकन मिशन हॉस्पिटल तर १९०३ पासून सुरू आहे. मंजुरी आली, पण तिला वाट पाहावी लागली, आणि ते दिवस घरात कुणी सामानाचा विषय काढला नाही.

दुसरी चाळणी नावाची. ही खास मराठी अडचण म्हणायला हरकत नाही. भाचीच्या पासपोर्टवर मधलं नाव वडिलांचं. पुणे महापालिकेच्या विवाह नोंदणीच्या दाखल्यावर लग्नाआधीचं पूर्ण नाव. नौदलाच्या नोंदीत सासरचं आडनाव, आणि मधलं नाव कुणा कारकुनाने गाळलेलं. आपल्याला यात काही वावगं दिसत नाही. आपल्या तीन पिढ्यांच्या बायका अशाच वेगवेगळ्या नावांनी रेशनकार्डावर, सातबाऱ्यावर आणि बँकेत नांदल्या. पण अमेरिकन फॉर्म भरताना या तीन वेगवेगळ्या बायका निघाल्या. प्रतिज्ञापत्रं, जुन्या दाखल्यांच्या साक्षांकित प्रती, ताईच्या वॉर्ड ऑफिसला खेपा. तिथल्या खिडकीवर कुणीसं म्हणालं, ‘मॅडम, बहारीनला काय करायचंय पुण्याचं सर्टिफिकेट?’ ताई त्यावर काय बोलली ते इथे छापण्याजोगं नाही.

आणि पासपोर्ट. अमेरिकन लष्करी कुटुंबांना सरकारी कामासाठी एक वेगळा, बिनफीचा पासपोर्ट मिळतो. फिरण्यासाठीचा नेहमीचा पासपोर्ट निराळा बाळगायचा. मुलं जन्माने अमेरिकन, त्यांचं झालं. भाची तेव्हा भारतीय नागरिक होती. तिच्यापुढे दोन वाटा. एक, भारतीय पासपोर्टवर जायचं आणि व्हिसाचं वेगळं प्रकरण निस्तरायचं. दुसरी वाट अमेरिकेच्या नागरिकत्व कायद्यातली: नवऱ्याची परदेशी नेमणूक झाली असेल तर जोडीदाराला एरवीची वर्षांची अट न लावता नागरिकत्वाचा अर्ज करता येतो. म्हणजे लग्नानंतर जे हळूहळू, मनाची समजूत घालत करायचं होतं, ते बहारीनच्या विमानाच्या तारखेआधी उरकायचं. तिने दुसरी वाट धरली. शपथ झाली, मग भारतीय पासपोर्ट वकिलातीत जमा करण्याची कारवाई, आणि ओसीआय कार्डाचा अर्ज. ताई फोनवर गप्प होती. मग म्हणाली, ‘मतदार यादीतलं नाव मी नाही काढणार. पुढच्या वेळी विचारायला आले की सांगेन, बाहेर गेलीय.’

सामानाचा भाग त्या मानाने सोपा, आणि त्यात गंमतही होती. सामान दोन हिश्शांत जातं. लागलीच लागणारं थोडं विमानाने, बाकीचं जहाजाने, ज्याला दोन-तीन महिनेही लागतात. किती वजन न्यायचं ते हुद्द्यावर ठरतं आणि मोजतात पौंडांत. बांधाबांध कंपनीची माणसं करतात. आपण हात लावायचा नाही, फक्त बघायचं आणि यादीवर सही करायची. भाचीला तेच जड गेलं. देवघरातला गणपती त्या माणसाने कॉफीच्या मगांबरोबर एकाच खोक्यात घातला आणि खोक्यावर ‘किचन, मिस्क’ लिहिलं. तिने खोकं उघडायला लावून गणपती काढला आणि हातातल्या बॅगेत घेतला.

विजेचा हिशेब मात्र आपल्या बाजूने लागतो. अमेरिकेतली उपकरणं ११० व्होल्टची, बहारीनची वीज २३० व्होल्ट, प्लग ब्रिटिश तीन पिनी. अमेरिकन कुटुंबं अवजड ट्रान्सफॉर्मर घेऊन येतात, नाहीतर टोस्टरपासून ड्रायरपर्यंत सगळं ठेवून येतात. भाचीने नॉरफोकच्या इंडियन स्टोअरमधून घेतलेला ११० व्होल्टचा मिक्सर विकून टाकला आणि ताईला म्हणाली, ‘तुझा जुना माळ्यावर आहे ना, तोच आण.’ गाडी नेता येते, कारण बहारीनमध्येही रस्त्याच्या उजव्या बाजूने चालवतात. कुत्रं न्यायचं तर मायक्रोचिप, लसी, आयातीचा परवाना, आणि शिवाय भर उन्हाळ्यात विमान कंपन्या जनावरं घ्यायला नाखूश. यांच्याकडे कुत्रं नव्हतं, त्यामुळे एक प्रकरण टळलं.

खाण्याच्या बाबतीत ताईचं ऐकायचं नाही, हे भाचीला कळायला वेळ लागला. मेतकूट, गोडा मसाला, भाजणी, कोकम, ताईने सगळं काढून ठेवलं होतं. बहारीनमध्ये भारतीय तीन लाखांच्या वर आहेत, देशाची एकूण लोकसंख्याच पंधरा-सोळा लाख. मनामाच्या जुन्या बाजारात, जिथे सिंधमधून आलेल्या भाटिया व्यापाऱ्यांनी दोनशे वर्षांपूर्वी श्रीनाथजीचं मंदिर बांधलं, तिथे पोहे, कोकम, गव्हाचा जाडसर रवा, झेंडूची फुलं, हवं ते मिळतं. १९६० च्या दशकाच्या मध्यापर्यंत इथे रुपयाच चालायचा. १९५९ पासून तर रिझर्व्ह बँक आखातासाठी वेगळ्या नोटा काढत असे, दिनार आला १९६५ मध्ये. गणपतीत महाराष्ट्र मंडळींची आरती असते. नॉरफोकहून येणाऱ्या मराठी बाईला हे गाव परदेश कमी आणि आजोळ जास्त वाटावं, असं आहे. तिच्या अमेरिकन शेजारणींना जे शिकवावं लागत होतं, शुक्रवार-शनिवारची सुट्टी, रमझानात दिवसा रस्त्यावर खाणंपिणं नाही, दुकानदाराशी घासाघीस, त्यातलं निम्मं हिला अंगवळणी होतं.

राहायचं कुठे, हा पुढचा प्रश्न. तळ आहे भर वस्तीत, भिंतीपलीकडे लगेच टोलेजंग इमारती, त्यामुळे कुटुंबांची वसाहत तळावर नाही. घरभाड्याचा भत्ता मिळतो आणि घर बाहेर शोधायचं: जुफैरमध्ये, अमवाज बेटांवर किंवा पश्चिमेकडे सारच्या बंगल्यांत. निवडलेल्या घराला तळावरच्या कचेरीची संमती लागते. तोवर हॉटेलात मुक्काम, आणि तो लांबला की मुलं चिडचिडी होतात, आईबाप त्याहून जास्त. जुफैरच्या फ्लॅटमध्ये सोफ्यापासून चमच्यांपर्यंत सगळं असतं. म्हणून पुष्कळ जण अर्धं सामान अमेरिकेतच सरकारी गोदामात टाकून येतात. एका बाजूला १९८० च्या दशकात बांधलेली अल फातेह मशीद, दुसऱ्या बाजूला बर्गर आणि तळलेल्या कोंबडीच्या दुकानांची रांग, जिला गावात ‘अमेरिकन अ‍ॅली’ म्हणतात, आणि मध्ये केरळी हॉटेलात वीस प्रकारचा चहा.

शाळा तिथेच आहे. १९६८ मध्ये सुरू झालेली बहारीन स्कूल अमेरिकेचं संरक्षण खातं चालवतं, पण फी भरून स्थानिक मुलंही शिकतात. सध्याचे युवराज आणि पंतप्रधान सलमान बिन हमद याच शाळेचे विद्यार्थी. २००४ मध्ये लष्करी मुलं निघून गेली तरी शाळा चालू राहिली, ती या मुलांच्या जोरावर. तिकडे इसा टाउनला १९५० पासूनची इंडियन स्कूल आहे, हजारो मुलांची. भाचीच्या मोठ्या मुलीला ती बसमधून दिसली तेव्हा तिने विचारलं, एवढी सगळी इंडियन मुलं इथे कुणाच्या ऑर्डरवर आली?

मुलीचा प्रश्न भाबडा होता, पण मला तो महत्त्वाचा वाटतो. मीना सलमानच्या आसपास ज्यांना बिऱ्हाड नेण्याची मुभा नाही, त्यांची संख्या मुभा असणाऱ्यांपेक्षा कितीतरी मोठी आहे. तळावर झाडझूड करणारे, स्वयंपाक करणारे, विजेची कामं पाहणारे कंत्राटी कामगार. हिद्दच्या गोदीत जहाजं दुरुस्त करणारे वेल्डर आणि फिटर, ज्यांतले काही माझगाव गोदीत हात बसवून आलेले. कुटुंब आणायचं तर बहारीनच्या नियमाने पगाराची किमान मर्यादा ओलांडावी लागते. वेल्डरची ओलांडत नाही. त्याची बायको खेडला किंवा मालवणला, आणि त्याची तयारी म्हणजे मुंबई विमानतळावर सुरक्षारक्षकाने पिशवीतून लोणच्याची बाटली काढू नये यासाठी केलेली खटपट. ११७ व्या मराठाच्या शिपायाला जी मुभा १९१४ मध्ये नव्हती, ती याला अजून नाही. फरक इतकाच की तारेऐवजी व्हिडिओ कॉल आहे.

आता फायलीचा दुसरा अर्धा भाग. बहारीनला पोचल्यावर पहिल्या काही आठवड्यांत प्रत्येक कुटुंबाला आणीबाणीत बाहेर काढण्याची व्यवस्था समजावून देतात. कुठल्या इमारतीचा जबाबदार कोण, निरोप कसा येईल, कुठे जमायचं. कुटुंबाची माहिती एका फॉर्मवर आधीच भरून ठेवायची. अमेरिकेत कुणाकडे जाणार त्याचा पत्ता द्यायचा. नवरा येणार नाही हे गृहीत. तो कामावर असेल. म्हणून मुलांच्या, बँकेच्या, गाडीच्या व्यवहारांसाठी बायकोच्या नावे मुखत्यारपत्र, आणि मृत्युपत्रही. एक बॅग दाराजवळ ठेवायची: कागद, रोख डॉलर, औषधं, मुलांचं खाणं, पाणी, पांघरूण, मोबाइलचा चार्जर. भाचीने ती बॅग चपलांच्या कपाटात ठेवली होती. वरच्या कप्प्यात दोन इनहेलर. दर सहा महिन्यांनी बिस्किटं बदलायची, आणि मुलांच्या बुटांचा आकार बदलला की आतले कपडेही बदलावेच लागत. ती मला कॅमेऱ्यावर हे दाखवत होती तेव्हा धाकटा मागून म्हणाला, ‘दॅट्स माय एमर्जन्सी चकली.’ ताईची भाजणी शेवटी कामी आली होती.

मला ही शिस्त पटते, आणि थोडी खटकतेही. पटते, कारण २०११ मध्ये ज्यांच्या घरी अशी बॅग होती ते शांतपणे निघाले. खटकते, कारण ज्या घरात दोन वर्षं राहायचं त्या घराच्या दारात निघण्याची बॅग पाहत मुलं मोठी होतात, आणि मोठ्यांना ते जाणवेनासं होतं. १९९६ च्या जूनमध्ये पुलापलीकडे सौदीतल्या खोबर टॉवर्समध्ये स्फोट होऊन १९ अमेरिकन हवाई सैनिक मेले. तो पूल पंचवीस किलोमीटरचा. आखातातल्या सगळ्या लष्करी कुटुंबांची दारातली बॅग त्या स्फोटाने जरा जास्त भरली असावी.

पहिल्या हिवाळ्यात ताईने बहारीनला जायचं ठरवलं. व्हिसा ऑनलाइन, तिकीट सोपं, मिक्सर बरोबर. निघण्याआधी तिने भाचीला जो प्रश्न विचारला तो कुठल्या माहितीपत्रकात नव्हता.

‘मी तिथे असताना तुम्हाला जायला सांगितलं, तर मी कुठे जायचं?’

भाचीने चौकशी केली. उत्तर सरळ होतं. नौदलाच्या यादीत नवऱ्याची बायको आणि मुलं. सासू, आई, पाहुणी, कुणी असो, त्या यादीत नाही. ताई भारतीय नागरिक, तिचं बघणार भारतीय वकिलात. त्या बाबतीत आपलं सरकार अननुभवी नाही. १९९० मध्ये कुवेतवर इराकने ताबा मिळवला तेव्हा अम्मानमार्गे पावणेदोन लाखांच्या आसपास भारतीयांना एअर इंडियाने परत आणलं होतं. २०१५ च्या मार्चअखेरीस येमेनच्या एडन बंदरातून गोळीबार चालू असताना साडेतीनशेच्या आसपास लोकांना आयएनएस सुमित्राने बाहेर काढलं. तिचे कप्तान कमांडर मिलिंद मोकाशी यांना त्यासाठी शौर्यचक्र मिळालं. पण ते बोलावणं वेगळं, जमायची जागा वेगळी, वेळही वेगळी. एकाच फ्लॅटमधून मुलगी आणि नातवंडं एका यादीने निघणार, आणि आई दुसऱ्या.

‘म्हणजे तुझ्या बॅगेत माझा पासपोर्ट ठेवायचा नाही,’ ताई म्हणाली.

‘नाही. तुझी वेगळी बॅग.’

ताईने वकिलातीच्या संकेतस्थळावर नाव नोंदवलं, वकिलातीचा चोवीस तासांचा फोन नंबर वहीत दोन ठिकाणी लिहिला, एजंटाकडून परतीची तारीख बदलता येईल असं तिकीट काढलं आणि वर जास्त पडलेल्या पैशांबद्दल त्याच्याशी भांडली. जुफैरला पोचल्यावर तिने चपलांच्या कपाटात नातवंडांच्या बॅगेशेजारी आपली शबनम पिशवी टांगली. त्यात पासपोर्ट, रक्तदाबाच्या गोळ्या, पाचशेच्या काही नोटा, आणि मनामाच्या बाजारातून घेतलेला सुपारीचा डबा. नोटा तिथे कुणी घेणार नाही, असं भाचीने सांगून पाहिलं. ‘मुंबईला उतरल्यावर रिक्षावाला दिनार घेणार आहे का?’ असं म्हणून ताईने पिशवीची गाठ मारली आणि संध्याकाळच्या पोळ्यांसाठी कणीक कुठे ठेवली आहे ते विचारलं.